शहाऐंशीवरचा लाल काटा

मी नववीत शाळा सोडली हे नाशिकमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "मधे गॅप पडला" एवढं म्हणून विषय बदलायचो. गॅप सात वर्षांचा होता. ती सात वर्षं मी किनवटला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काढली. शेतातल्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांतली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, वार्निश मारायचं. मग एका वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, पास झालो, आणि डिप्लोमाच्या यादीत नाव लागलं ते थेट नाशिकला. घरापासून रेल्वेने एक रात्र आणि वर अर्धा दिवस. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. मी जाऊन मागच्या बाकावर बसलो तेव्हा एकजण म्हणाला, "दादा, पालकांची मीटिंग शनिवारी आहे."

शेवटच्या वर्षी इंटर्नशिप असते. माझ्या वाट्याला पेठ रस्त्याच्या बाजूचं एक वीज उपकेंद्र आलं. बारा आठवडे रोज जायचं, काय शिकलो ते डायरीत लिहायचं, खाली तिथल्या साहेबांची सही घ्यायची. सह्या पूर्ण नसतील तर सत्र गेलं. इतर पोरांना एक सत्र जाणं म्हणजे घरचा ओरडा. मला सत्तावीस पूर्ण होत आले होते. आईने बहिणीचं लग्न माझ्या शिक्षणासाठी एक वर्ष पुढे ढकललं होतं, हे बहिणीनेच मला हसत हसत सांगितलं होतं. ती डायरी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचो.

पहिल्याच दिवशी गेटवर अडवलं. पत्र बरोबर होतं, पायात बूट नव्हते. म्हणजे बूट होते, पण कापडी. आवारात सेफ्टी शूजशिवाय सोडत नाहीत. उद्या ये, म्हणाले. उद्या आलो तरी बूट कुठून येणार होते? मी तिथेच गेटजवळ उभा राहिलो, कारण परत जाऊन तरी काय करायचं हे सुचेना. तेवढ्यात पहिल्या पाळीचे ऑपरेटर डबा हलवत आले. पन्नाशीचे, बुटके, कानावर पेन. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"किती नंबर?"

"आठ, काका."

"माझे जुने नऊ नंबरचे पडले हायेत लॉकरमध्ये. पेपर कोंब पुढं."

तेव्हापासून बाराही आठवडे मी त्यांच्याच बुटात होतो. पुढे वर्तमानपत्राचा बोळा, चालताना टाच उचलून यायची. आवारभर खडी अंथरलेली, त्यामुळे मी येतोय हे सगळ्यांना आधी ऐकू जायचं.

काका सटाण्याकडचे. बायको-मुलं गावाला, हे नाशिक रोडला एका खोलीत. शेवटच्या वर्षी माझं हॉस्टेल सुटलं होतं, म्हणून माझी खोलीही त्यांनीच त्याच गल्लीत बघून दिली. सकाळी एकाच गाडीवरून आम्ही यायचो. वाटेत ते बदलीबद्दल बोलायचे. सटाण्याच्या बाजूला बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, आणि या वेळी यादीत नाव वर आहे असं त्यांना कळलं होतं. "आता काही उलटंसुलटं नाय झालं पायजे भो," असं म्हणून ते गाडीच्या टाकीवर दोन बोटं आपटायचे. वाटेत कुठेही बदलीचा विषय निघाला की ती दोन बोटं.

कंट्रोल रूममध्ये त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी : "हा मोटारीतला माणूस शे. सात वर्षं वायंडिंग केलंय. आपल्याले शिकवील." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या क्षणापासून प्रश्न विचारायची माझी सोय संपली. मोटारीतल्या माणसाने काय विचारायचं? भिंतभर पॅनेल, त्यावर दिवे, काटे, चाव्या. कॉलेजात याची आकृती फळ्यावर काढताना सरळ रेषा असायच्या. इथे सगळं एकाच करड्या रंगाचं आणि गुणगुणणारं. ती गुणगुण माझ्या डोक्यात बसली. खोलीवर जेवतानाही ऐकू यायची.

पहिला आठवडा नुसतं बघण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात काकांनी मला रीडिंगला लावलं. दर तासाला आवारात जायचं, दोन ट्रान्सफॉर्मरांची तापमानं बघायची आणि लॉगशीटवर लिहायची. सकाळी आठपासून चारपर्यंत, रोज नऊ वेळा. एक नंबरच्या ट्रान्सफॉर्मरला नवं मीटर होतं, त्यावर सरळ आकडाच दिसायचा. दोन नंबरला जुनी गोल तबकडी, घड्याळासारखी. तिच्यात दोन काटे होते. एक काळा, एक लाल.

"काटा बघायचा, आकडा टाकायचा. तुला काय सांगायचं," काका म्हणाले आणि फोन वाजला म्हणून आत गेले.

मी तबकडीसमोर उभा राहिलो. काळा काटा बावन्नवर, लाल शहाऐंशीवर. कोणता? आत जाऊन विचारणं म्हणजे वीस पावलं. ती वीस पावलं मी टाकली नाहीत. मी विचार केला : लाल रंग उगाच कुणी देत नाही. आमच्या दुकानातही ज्या वायरीवर लाल चिकटपट्टी ती आधी बघायची. म्हणून शहाऐंशी लिहिलं. एक तासाने पुन्हा आलो, लाल शहाऐंशीवरच. दुपारी शहाऐंशी. चारला शहाऐंशी. मला वाटलं, एवढं मोठं यंत्र, मोटारीसारखं थोडंच घटकेत तापणार-निवणार आहे. स्थिर असणार.

एक गोष्ट मात्र खटकत होती. आमच्या दुकानातल्या उस्तादने मला मोटारीचा ताप हाताच्या मागच्या बाजूने बघायला शिकवलं होतं. तळहात राबून जाड झालेला असतो, त्याला खरं कळत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तेल गार करणारा रेडिएटर असतो, म्हणजे पत्र्याच्या चपट्या नळ्यांची रांग. तिथे हात लावायला हरकत नसते, काका स्वतः लावायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हात लावला. कोमट. अंघोळीला काढलेलं पाणी थोडं निवलं की असतं तसं. आणि तबकडी म्हणते शहाऐंशी. मी दुसरा हात लावला. कोमटच. मग मी स्वतःला समजावलं की आत वेगळं असेल, बाहेर वेगळं. आपण नववीवाले, आपल्या हाताचं कुठे मोजतात. लिहिलं शहाऐंशी.

शीटच्या खाली रोज काकांची सही लागायची. ते सही करताना आकडे बघत नव्हते. "अक्षर छान शे तुझं," एवढं म्हणाले एकदा.

नऊ दिवस हे चाललं.

दहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मॅडम आल्या. त्या इथल्या प्रमुख अभियंता, वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. पंधरवड्याला एकदा पहिल्या पाळीच्या लॉगशीटची फाईल चाळायच्या. त्या दिवशी चाळता चाळता थांबल्या.

"दोन नंबर सतत शहाऐंशी आहे?"

काका फाईलवर वाकले. त्यांचा चेहरा कोरा झाला. "असेल मॅडम. पोरगा रोज जातो, एक तास चुकवत नाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, सकाळी आठलाही एवढं म्हणजे काहीतरी आहे, हा बंद करून तपासायला लागेल. शुक्रवारी सहा तास. त्यांनी लगेच फोन लावले. पेठच्या बाजूच्या गावांना निरोप गेले. मला तेव्हाही वाटलं की माझ्या हातून काहीतरी मोठं काम झालं. खोटं कशाला बोलू, डायरीत मी लिहिलंसुद्धा : "आज माझ्या नोंदींवरून बिघाड लक्षात आला."

त्याच दुपारी एका लाइनवर झाड पडलं आणि दोन नंबरचा बराचसा भार पाऊण तास गेला. तीन वाजताच्या रीडिंगला मी गेलो तर काळा काटा खाली घसरलेला, चव्वेचाळीसवर. लाल जिथल्या तिथे. मी नळ्यांना हात लावला. गार होत आल्या होत्या. मी तबकडीच्या काचेवर टिचकी मारली. काळा काटा किंचित थरथरला. लाल हललाच नाही. तेव्हा पहिल्यांदा मी काचेच्या मधोमध असलेली बारीक कळ पाहिली. नऊ दिवस ती माझ्या नाकासमोर होती. कळीची आतली दांडी लाल काट्याला टेकलेली होती.

लाल काटा आत्ताचं तापमान सांगतच नव्हता. काळा काटा वर चढताना त्याला पुढे ढकलतो आणि स्वतः खाली येतो. लाल तिथेच राहतो, कुणीतरी हाताने खाली आणेपर्यंत. सगळ्यात जास्त कधी तापलं होतं, तेवढंच तो दाखवतो.

मी खडीवर बसलो. म्हणजे बसावं असं ठरवलं नव्हतं. नऊ दिवस, रोज नऊ, एक्क्याऐंशी शहाऐंशी, वर आजचेही. त्यावर शुक्रवारी गावं सहा तास बंद राहणार होती, आणि प्रत्येक शीटखाली काकांची सही होती.

आत गेलो तर काका फोनवर होते. पलीकडे दूध संकलन केंद्रावरचा कुणी होता. "हो भाऊ, सहा तासच. मी काय करू, ट्रान्सफॉर्मर तापायला लागलाय... आता दूध नासलं तर मला काय सांगतो, ट्रान्सफॉर्मरले सांग." त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तुझ्या आकड्यांनी लोकांची झोप उडवली भो."

त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही. नाशिक रोडला उतरल्यावर कोपऱ्यावरून आईला फोन लावला.

"जेवलास का?"

"अजून नाही. आई, माझ्याकडून एक चूक झालीय."

"काही तुटलं का?"

"तुटलं नाही. लिहिण्यात."

"मग खोड की. लिहिलेलं खोडता येतंय. मला वाटलं तू कुठं पडलास का काय. बूट मिळाले का नीट मापाचे?"

मला तिला काकांच्या बदलीचं सांगता आलं नाही. मी खरं सांगितलं तर सह्यांचं निघणार. नाही सांगितलं तर शुक्रवार. आणि नाही सांगितलं तरी मॅडम शुक्रवारी तबकडी बघणारच होत्या, त्यांना दोन काटे दिसणारच होते. मग आज सांगण्यात आणि शुक्रवारी सापडण्यात काय फरक, याचा हिशेब मी गल्लीच्या टोकापर्यंत करत गेलो आणि तो लागला नाही. लागला तो इतकाच, की ज्याच्या बुटात आपण उभे आहोत त्याला आधी सांगावं.

सकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं. काकांनी ग्लास खाली ठेवला.

"लाल?"

"हो."

"नऊच्या नऊ दिवस?"

"हो काका."

मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मले इचारायचं ना रे. वीस पावलं व्हती." मग ग्लास परत उचलून, "असं करू. काटा अडकला व्हता म्हणायचं. जुनं मीटर, अडकू शकतं. तुझं पण सुटलं, माझं पण."

मी हो म्हणालो. खरंच हो म्हणालो. गाडीवर बसलो तेव्हा हे किती सोपं आहे याचंच नवल वाटत होतं. पहिल्यांदाच काका सबंध वाटभर बदलीबद्दल बोलले नाहीत.

मॅडम अकराला आल्या. काकांनी सुरुवात केली. "मॅडम, ते दोन नंबरचं मीटर. काटा अडकल्यासारखा वाटतोय."

"कुठला?" मॅडमनी विचारलं, आणि काकांना नाही, मला. "तू रोज बघतोस ना. कुठला काटा अडकलाय?"

आमचं ठरलेलं उत्तर एवढ्यापुरतंच होतं. कुठला काटा, हे आम्ही ठरवलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते पॅनेलकडे बघत होते.

"अडकला नाही मॅडम," मी म्हणालो. "मी लाल काटा वाचत होतो."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्या उठल्या आणि आवारात निघाल्या, आम्ही मागे. माझे बूट खडीवर वाजत होते. तबकडीपाशी त्या थांबल्या. काळा छप्पन्नवर होता.

"कधी हात लावून पाहिला होतास?"

"तिसऱ्या दिवशी. कोमट होता."

"मग?"

"मग मी लिहिलं शहाऐंशी."

त्यांना हसू आलं असावं, त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं सुटलो. पण त्या तबकडीकडे बघतच राहिल्या आणि काकांना म्हणाल्या, "लाल काटा दर महिन्याला नोंद करून खाली आणायचा असतो. शेवटचा कधी आणला?"

काकांनी कानावरचं पेन काढलं आणि परत तिथेच ठेवलं.

"शहाऐंशीला तो गेला कधी?"

आत येऊन त्यांनी मागची शीटं काढली. वर्षभराची, सगळ्या पाळ्यांची. माझ्या आधीची. दोन नंबरच्या रकान्यात अठ्ठावन्न, साठ, अठ्ठावन्न, साठ. भर उन्हाळ्यात साठ, थंडीत साठ. वेगवेगळ्या पाळ्यांची अक्षरं, आकडे तेच. शहाऐंशी कुठेच नव्हतं. माझ्या नऊ दिवसांत सोडून.

मला काहीच कळेनासं झालं. मी चुकीचा काटा वाचला होता, पण जाऊन वाचला होता. त्यांनी बरोबर वाटतील असे आकडे लिहिले होते, टेबलावर बसून. आणि एखाद्या दिवशी तो ट्रान्सफॉर्मर खरोखर शहाऐंशीला गेला होता, तेव्हा तिकडे कुणी बघत नव्हतं. चूक नक्की कुणाची चालली आहे हे मला त्या खोलीत उभं राहून ठरवता येईना. काकांकडे बघवेना.

मॅडमनी शुक्रवारचे सहा तास रद्द केले नाहीत. दोनवर आणले. "शहाऐंशीला का गेला होता ते बघायलाच लागेल," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आता तुझी शीटं दुरुस्त कर. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला सही. काळा काटा काय होता ते तुला आता माहीत नाही, त्यामुळे वर आकडा लिहायचा नाही. 'नोंद नाही' लिही. आणि प्रत्येक ठिकाणी यांचीही सही."

दुपारभर काका आणि मी एका टेबलावर बसलो होतो. मी रेघ मारायचो, सही करायचो, शीट त्यांच्याकडे सरकवायचो. ते सही करायचे. तीस-एक रेघा झाल्यावर मी म्हणालो, "काका, चुकलं माझं. सकाळी मी तुम्हाला हो म्हणालो होतो."

"हो म्हणाला व्हता."

"मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही."

"मले तरी कुठं सुचलं व्हतं." त्यांनी सही केली. "तू नववीत शाळा सोडली ना?"

माझा हात थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. पहिल्या आठवड्यात झोप लागली व्हती तुले, कंट्रोल रूमच्या मागच्या गादीवर. बडबडत व्हता, नववीवाला, नववीवाला." ते हसले नाहीत. "मी आठवी. रेघ सरळ मार."

मी पुढची रेघ मारली. ती वाकडीच गेली.

शुक्रवारी दोन तास सगळं बंद ठेवून तपासणी झाली. गार करायचे चार पंखे होते, त्यांतला एक फिरत नव्हता. त्यामुळेच कधीतरी शहाऐंशी झालं असेल का, असं मी मॅडमना विचारलं. हा मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. त्या म्हणाल्या, "असेल. नसेलही. नोंद नाही." मग त्यांनी मला ती कळ फिरवायला लावली. लाल काटा मी हळूहळू खाली आणला आणि काळ्याला टेकवला. पहिल्यांदा तो थोडा वरच राहिला, म्हणून दोनदा करावं लागलं.

बारा आठवडे संपले तेव्हा मॅडमनी डायरीवर सही केली. त्या आधी त्यांनी सगळी पानं वाचली, "आज माझ्या नोंदींवरून बिघाड लक्षात आला" हेही. त्यावर रेघ मारू का, असं मी विचारलं. राहू दे, म्हणाल्या. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं : "रीडिंग जागेवर जाऊन घेतो." हे कौतुक आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही. कॉलेजात सरांनी ते वाचलं आणि शिक्का मारला. माझं सत्र वाचलं. बहिणीचं लग्न आता ठरलंय.

काकांना मेमो मिळाला, इतर पाळ्यांनाही मिळाला. बदलीच्या यादीत त्यांचं नाव त्या वर्षी आलं नाही. ते मला त्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. मी बूट धुऊन, उन्हात वाळवून परत करायला गेलो तर म्हणाले, "मी काय करू त्याचं, मले नवे मिळाले. पेपर बदलत जा फक्त, वास मारतो."

आता मी नाशिकमध्येच एका कारखान्यात विजेच्या देखभालीवर आहे. खोली बदलली. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी काकांचा फोटो येतो. दोन नंबरची तबकडी, काचेवर उन्हाची तिरीप, लाल काटा. खाली एक शब्द नसतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं टोमणा मारतायत. मग वाटलं, मला विसरले नाहीत म्हणून पाठवतायत. कदाचित हेही असेल की नोंद केल्याचा पुरावा कुणाकडे तरी असावा म्हणून. विचारायला हवं. वीस पावलांचं काम आहे, फोन तर हातातच असतो.

मी अजून विचारलं नाही. फोटो मोठा करून बघतो, लाल काट्याचा आकडा वाचतो आणि तेवढाच लिहून पाठवतो. गेल्या महिन्यात एकाहत्तर होता. त्यांनी उलट लिहिलं, "बाहत्तर. नीट बघ." मी पुन्हा मोठा करून बघितला. बाहत्तर होता.